बडतर्फीची केस कोर्टाआधी चौकशीच्या टेबलावर ठरते

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरी गेल्याचं पत्र फार थोड्यांच्या हातात पडतं. बाकीच्यांना ते गेटवरच कळतं. अंगठ्याची मशीन बोट घेत नाही, सिक्युरिटीवाला म्हणतो, ‘एचआरला विचारून या’, आणि एचआरमधून उत्तर येतं, ‘तुम्ही दहा दिवस आले नाही, सिस्टिममधून नाव निघालं.’ हातात कागद काहीच नाही.

सिस्टिममधून नाव कुणीतरी काढलेलं असतं, आणि काढण्याआधी त्यानं कामगाराला विचारायला हवं होतं. १९९३ च्या जे.एम.ए. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात नेमका हाच मुद्दा होता. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास नोकरीवरचा हक्क आपोआप जाईल, असं कलम प्रमाणित स्थायी आदेशातच, म्हणजे कारखान्याच्या मंजूर सेवानियमांतच होतं. कामगाराचं म्हणणं होतं की तो रोज येत होता, गेटवर अडवला जात होता. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कलम असलं तरी माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय आणि चौकशीशिवाय नाव काढता येत नाही. पुनर्स्थापना झाली, मागचा पगार, म्हणजे कामाबाहेर असतानाच्या काळाचा, निम्मा मिळाला. १९९८ मध्ये उप्ट्रॉनच्या प्रकरणात ‘आपोआप’ नोकरी संपवणाऱ्या कलमाबद्दल न्यायालयानं हीच भूमिका घेतली. तरी हे कलम नेमणूकपत्रांत अजून छापलं जातं. कारण साधं आहे. बरेच लोक ते वाचून गप्प घरी बसतात.

घरी बसणं हीच पहिली चूक. पुढे कोर्टात कंपनीचा बचाव ‘आम्ही काढलं’ असा नसतो, ‘हाच काम सोडून गेला’ असा असतो. म्हणून गेटवर अडवलं त्याच दिवशी एक साधं पत्र जायला हवं. मजकूर चार ओळींचा पुरतो: ‘आज अमुक तारखेला सकाळी ६.५० ला पहिल्या पाळीसाठी गेटवर हजर झालो. आत सोडलं नाही. कारण लेखी दिलं नाही. मी काम करायला तयार आहे.’ रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे पोचपावतीसह स्पीड पोस्ट करायचं. जीपीओतून करा नाहीतर गावातल्या पोस्टातून, पावतीवरचा नंबर टाकून पोचल्याचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा. तेच पत्र कंपनीच्या ईमेलवर टाका आणि एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. वकिलाच्या नोटिशीची वाट पाहू नका. दोन महिन्यांनी गेलेल्या भारदस्त नोटिशीपेक्षा त्या दिवशीचं हातानं लिहिलेलं पत्र कोर्टात जड भरतं.

कंपनीही पत्रं पाठवते, पण बहुधा गावच्या पत्त्यावर. माणूस नागपूरच्या वाडी भागात भाड्यानं राहतो आणि ‘कामावर हजर व्हा’ची तीन पत्रं गोंदियाला नाहीतर बालाघाटला जाऊन परत येतात. त्यामुळे पहिल्याच पत्रात सध्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर लिहावा. आलेलं पत्र नाकारू नये. पोस्टमनचा ‘घेण्यास नकार’ हा शेरा म्हणजे पत्र मिळाल्यासारखंच धरलं जातं. पत्र घ्यायचं, सहीखाली ‘मिळालं, मजकूर मान्य नाही’ आणि तारीख लिहायची. ‘हजर व्हा’ असं खरंच लिहिलं असेल तर जायचं, सोबत एकाला घेऊन. कंपनीनं काम देऊ केलं आणि कामगार गेला नाही, हे सिद्ध झालं की त्या तारखेनंतरचा मागचा पगार मागायला तोंड राहत नाही.

बळजबरीनं राजीनामा घेतला असेल तर घड्याळ आणखी जोरात चालतं. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो. त्याच संध्याकाळी ईमेल करावा: कोणत्या खोलीत, कोण हजर होतं, काय सांगून सही घेतली. तीन आठवड्यांनी आठवलेली बळजबरी कुणी मानत नाही.

आता दार कुठलं ठोठवायचं. याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, आणि नागपुरात चुकीच्या दारात वर्षं घालवणारे बरेच आहेत. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक यांच्यासाठी ‘समुचित सरकार’, म्हणजे ज्याची यंत्रणा वाद हाताळते ते सरकार, केंद्राचं, त्यामुळे वाद केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे आणि इथल्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो. खासगी शाळेतल्या शिक्षकासाठी १९७७ चा वेगळा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे, आणि तिथं अपिलाला फक्त तीस दिवस आहेत. मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीतला माणूस कायद्याच्या अर्थानं कामगार आहे की नाही, हे व्हिजिटिंग कार्डावरच्या हुद्द्यावरून ठरत नाही. तो दिवसभर प्रत्यक्षात काय करतो ते पाहतात: रजा मंजूर करतो का, कुणाच्या कामाचं मूल्यमापन करतो का, कुणाला कामावर घेतो-काढतो का. ‘टीम लीड’ नावाचे कित्येक जण दिवसभर स्वतःच कोड लिहितात. पर्यवेक्षकाच्या कामाला पगाराची मर्यादा आहे. जुन्या कायद्यात ती महिना १०,००० रुपये होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. व्यवस्थापकीय काम असेल तर मात्र कामगार कायद्याचं दार बंद.

ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तिनं १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही रद्द केले. अनुचित कामगार प्रथा रोखणारा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, ज्याला कोर्टात सगळे ‘पीयूएलपी’ म्हणतात, रद्द झालेल्या त्या तिघांत नाही. बडतर्फीच्या बाबतीत त्याची चौथी अनुसूची महत्त्वाची आहे. तिच्या पहिल्या बाबीत सूडबुद्धीनं काढणं, खोटी कारणं दाखवणं, गैरहजेरीचा बनावट आरोप, चौकशीत नैसर्गिक न्याय पायदळी तुडवणं किंवा अनावश्यक घाई करणं, आणि किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायक जड शिक्षा देणं, हे सगळं अनुचित कामगार प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. तक्रारीची मुदत ९० दिवस. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि ‘साहेब परत घेतो म्हणाले होते’ हे कारण पुराव्याशिवाय टिकत नाही.

या वाटेचे दोन फायदे आहेत. एक, समेटाच्या तारखांची वाट न पाहता थेट कोर्टात जाता येतं आणि अंतरिम आदेश मागता येतो. दोन, नोकरी जायच्या आधीही जाता येतं. बडतर्फीची टांगती तलवार असतानाही तक्रार चालते, असं १९९५ मध्ये हिंदुस्तान लिव्हरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं धरलं. चौकशीनंतर शिक्षेबद्दलची दुसरी कारणे दाखवा नोटीस हातात पडली की हा विचार करावा. चौकशी नुकतीच सुरू असताना स्थगिती सहसा मिळत नाही.

तोटाही समजून घ्यावा. एकदा पीयूएलपीखाली गेलं की त्याच कारणासाठी औद्योगिक विवादाची, म्हणजे सरकारच्या समेट अधिकाऱ्याकडून न्यायाधिकरणात जाणारी वाट बंद होते, आणि उलटंही तसंच. ठेकेदाराच्या नावावर असलेल्या कामगाराला तर ही वाट बहुधा चुकीचीच. मालक-कामगार नातंच कंपनी नाकारत असेल, तर ते आधी दुसरीकडे सिद्ध करून या, असं २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन निकालांत सांगितलं गेलं. बुटीबोरीत अर्धी लाइन ठेक्यावर असते. तिथं कंपनीविरुद्ध पीयूएलपी टाकली की पहिला हरकतीचा मुद्दा हाच येतो. दुसऱ्या, म्हणजे समेट अधिकाऱ्याच्या वाटेवर आता मुदत कमी झाली आहे. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही, आणि त्याचा अहवाल मिळाल्यापासून न्यायाधिकरणात जायला ९० दिवस आहेत. जुन्या कायद्यातली तीन वर्षं अजून सांगणारे चहाच्या टपरीवर भेटतात. त्यांचं ऐकू नका.

हे झालं दाराचं. केसचा जीव मात्र कंपनीनं केलेल्या चौकशीत असतो.

चौकशी कशी हवी हे १९६३ पासून ठरलेलं आहे, सूर इनॅमलच्या निकालापासून. आरोप स्पष्ट सांगायचा. साक्षीदार कामगाराच्या समोर तपासायचे. त्याला उलटतपासणी करू द्यायची. त्याचे साक्षीदार आणि त्याचं म्हणणं घ्यायचं. शेवटी चौकशी अधिकाऱ्यानं कारणांसह निष्कर्ष लिहायचा. साठ वर्षांत या पाच गोष्टी बदललेल्या नाहीत, आणि चुकाही त्याच पाच जागी होतात.

आरोपपत्रापासून पाहू. ‘तुम्ही कंपनीच्या शिस्तीला बाधा आणली’ हा आरोप होत नाही. ‘१२ तारखेला रात्री २.१५ ला वाइंडिंग विभागाच्या मागच्या दारातून अंदाजे तीन किलो तांब्याची तार नेताना आढळले, स्थायी आदेशातलं अमुक कलम’, हा आरोप. तारीख, वेळ, जागा, वस्तू, कलम यांतलं एकही नसेल तर उत्तर देण्याआधी लेखी खुलासा मागायचा आणि कागदपत्रांच्या प्रती मागायच्या. आरोपपत्र इंग्रजीत असेल आणि ते समजत नसेल तर मराठी किंवा हिंदी प्रत मागायची, पहिल्याच उत्तरात. चौकशी संपल्यावर ‘मला भाषाच कळली नव्हती’ म्हणणाऱ्याची सही सगळ्या पानांवर इंग्रजीत असते, आणि मुद्दा तिथंच मरतो. मुदत मागतानाही ‘सर्व आरोप अमान्य’ हे एक वाक्य घालायला विसरू नका. माफीनामा लिहून दे, मिटवून टाकू, असं कुणी सांगितलं तर तो कागद पुढे कबुलीजबाब म्हणून लावला जातो हे लक्षात ठेवा. निम्म्या केसेस तिथंच संपलेल्या असतात.

पहिल्या बैठकीत दोन प्रश्न निकाली काढायचे. मदतीला कोण? सहकारी कामगार किंवा युनियनचा पदाधिकारी मागता येतो. वकील सहसा मिळत नाही, पण कंपनीचा प्रतिनिधी कायद्याचा जाणकार असेल तर तो मुद्दा उचलता येतो. मुंबई पोर्टच्या १९८३ च्या प्रकरणात याच कारणानं वकील नाकारणं चुकीचं ठरलं. दुसरा प्रश्न चौकशी अधिकाऱ्याचा. त्याची फी कंपनी देते म्हणून तो पक्षपाती ठरत नाही. ही हरकत घेऊन वेळ घालवू नका. पण ज्यानं तार पकडली, ज्यानं आरोपपत्रावर सही केली, किंवा जो पुढे साक्ष देणार आहे, तो टेबलाच्या त्या बाजूला बसलेला असेल तर हरकत तिथंच, लेखी.

मग साक्षी. आरोप कंपनीचा असल्यानं साक्षीदार आधी कंपनीचे. पहिल्याच दिवशी कामगारालाच खुर्चीवर बसवून चौकशी अधिकाऱ्यानं प्रश्नांची सरबत्ती सुरू केली तर ‘आधी व्यवस्थापनाचा पुरावा’ असं रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या रोजच्या नोंदीत, लिहायला लावायचं. असोसिएटेड सिमेंटच्या १९६३ च्याच निकालात न्यायालयानं या प्रकाराला नापसंती दाखवली आहे. उलटतपासणी घाबरून सोडून देऊ नये. वकिली डावपेच लागत नाहीत. तांब्याच्या तारेच्या उदाहरणात हे प्रश्न पुरतात: तुम्ही स्वतः पाहिलं का, की सांगितलेलं ऐकलं? पिशवी कुणी उघडली? वजन कुठल्या काट्यावर केलं, चिठ्ठी कुठे आहे? पंचनाम्यावर सही करणारे कोण, त्यांना इथं बोलावलं आहे का? गेट रजिस्टरमध्ये त्या वेळेची नोंद आहे का? तुमच्या आणि माझ्या पाळीच्या वेळा कोणत्या? प्रत्येक उत्तर पुढे कोर्टात वाचलं जातं. न विचारलेला प्रश्न मात्र कुणी वाचत नाही.

इथं एक भ्रम दूर करतो. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत फौजदारी कोर्टासारखा पुरावा लागत नाही. एसटी कंडक्टरच्या तिकिटाच्या केसेसमध्ये ‘प्रवाशांना साक्षीला बोलावलं नाही’ हा बचाव हमखास घेतला जातो. पण १९७७ मध्ये हरियाणा परिवहनच्या अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासणी निरीक्षकाची साक्ष हाही पुरावाच आहे, प्रवासी आलेच पाहिजेत असं नाही. थोडा तरी खरा पुरावा हवा, एवढंच बघितलं जातं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला म्हणून आरोप सिद्ध होत नाही, तसंच फौजदारीतून सुटलं म्हणून नोकरी आपोआप परत मिळत नाही.

रोज संध्याकाळी रोजनाम्याची प्रत घ्यायची, त्याच दिवशी. सही करण्याआधी वाचायचं. आपण घेतलेली हरकत लिहिलीच नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहायचं: ‘साक्षीदार क्र. २ ची उलटतपासणी पूर्ण होऊ दिली नाही.’ चिडून उठून जाणं, बहिष्कार टाकणं हा प्रकार आपल्याकडे मर्दानी वाटतो. चौकशी अधिकारी त्याच पानावर ‘एकतर्फी’ लिहितो आणि पुढचे साक्षीदार वीस मिनिटांत संपतात.

निलंबन असेल तर निर्वाह भत्ता: पहिले ९० दिवस निम्मा, त्यानंतर उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. संहितेत निलंबनापासून साधारण ९० दिवसांत चौकशी संपवायची आहे. भत्ता थकला तर दर महिन्याला लेखी मागा. भारत गोल्ड माइन्सच्या १९९९ च्या निकालात भत्त्याअभावी चौकशीला पोचताच आलं नाही, हे चौकशी रद्द होण्याचं एक कारण ठरलं.

चौकशी अहवालाची प्रत शिक्षेच्या आधी मिळायला हवी. ईसीआयएलच्या १९९३ च्या निकालानं हे खासगी आस्थापनांनाही लागू केलं. पण प्रत दिली नाही, एवढ्यानं बडतर्फी कोसळत नाही. प्रत मिळाली असती तर काय सांगितलं असतं आणि त्यानं काय फरक पडला असता, हे दाखवावं लागतं. म्हणून प्रत मिळाल्यावर तीन ओळींचं उत्तर देऊ नका. कोणत्या साक्षीदाराचं कोणतं वाक्य अहवालात गाळलं, पान नंबरासकट लिहा. शिक्षा ठरवताना मागचा रेकॉर्ड धरणार असतील तर तोही नोटिशीत यायला हवा. तो किती वजनाचा असतो ते दोन निकाल शेजारी ठेवले की कळतं, दोन्ही महाराष्ट्रातल्या कारखान्यांतले, दोन्ही ड्यूटीवर झोपण्याचे. १९९८ च्या कलर-केम प्रकरणात रात्रपाळीत झोपल्याबद्दलची बडतर्फी धक्कादायक जड ठरली. २००५ च्या भारत फोर्जमध्ये दिवसपाळीत झोपलेल्या कामगाराची बडतर्फी कायम राहिली, कारण आधी तीनदा तोच प्रकार झाला होता.

गैरवर्तनाचा विषयच नसेल, कंपनी ‘मंदी आहे’ म्हणत असेल, तर ती नोकरकपात, आणि तिथं प्रक्रिया म्हणजे पैसे आणि क्रम. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेले असावेत. भूमिगत खाणीत १९०. पगारी सुट्ट्या आणि रविवार मोजले जातात, हे विसरून कमी दिवस सांगणारे खूप. दिवस सिद्ध करायचं ओझं कामगारावर, त्यामुळे पीएफचं पासबुक, ईएसआयसीच्या नोंदी आणि बँकेचं स्टेटमेंट नोकरी असतानाच उतरवून ठेवा, आणि कोर्टात मस्टर हजर करण्याचा अर्ज द्या.

हिशेब असा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १९,५०० रुपये, बाकी भत्ते नाहीत, नोकरी ७ वर्षं ८ महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ८ वर्षं. पंधरा दिवसांचा सरासरी पगार म्हणजे महिन्याचा निम्मा, ९,७५०, गुणिले ८, झाले ७८,००० रुपये. नोटीस दिली नसेल तर तिच्या बदल्यात आणखी १९,५००. ग्रॅच्युइटी वेगळी, आणि तिथं भागाकार २६ नं: १९,५०० भागिले २६ म्हणजे ७५०, गुणिले १५ म्हणजे ११,२५०, गुणिले ८ म्हणजे ९०,००० रुपये. दोन्हींत पंधराच दिवस, मग आकडे वेगळे का? कारण २६ हा आकडा ग्रॅच्युइटीच्या कायद्यात लिहिलेला आहे, नोकरकपातीच्या कलमात नाही. २००७ मध्ये गुरू जंभेश्वर विद्यापीठाच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट झाला. संहितेनं पुनर्कौशल्य निधीतून आणखी पंधरा दिवसांचा शेवटचा पगार जोडला आहे, तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवा.

भरपाई काढतानाच द्यावी लागते, नंतर नाही. ‘पुढच्या महिन्यात फुल अँड फायनल’ म्हणून काढलं तर तिथंच कपात बेकायदा होते. क्रमही पाहा: त्याच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जायला हवा, नाहीतर कारण लिहायला हवं. पैसे खात्यात आले तर ‘हक्क अबाधित ठेवून स्वीकारले’ असा ईमेल लगेच. तीनशे किंवा जास्त कामगारांचा कारखाना असेल तर सरकारची पूर्वपरवानगीही लागते.

कोर्टात बडतर्फीची केस उभी राहिली की पहिले दोन मुद्दे ठरलेले: चौकशी योग्य झाली का, आणि निष्कर्ष पुराव्यावर आधारलेले आहेत का. पहिला मुद्दा कामगाराच्या बाजूनं लागला की घरी पेढे वाटले जातात. जरा थांबा. कंपनीनं लेखी जबाबात तशी मुभा मागून ठेवली असेल, तर ती तेच साक्षीदार आता कोर्टासमोर आणून आरोप नव्यानं सिद्ध करू शकते. म्हणून जबाब आला की शेवटचा परिच्छेद आधी वाचा. मुभा मागितलेली नसेल आणि नंतर घाईनं अर्ज आला, तर उशिराचा मुद्दा तिथंच घ्या.

आणि मागचा पगार. क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालयाच्या २०१३ च्या निकालानंतर बेकायदा बडतर्फीत पूर्ण मागचा पगार हा सर्वसाधारण नियम धरला जातो. पण त्यासाठी कामगारानं तक्रारीत आणि साक्षीत सांगावं लागतं की या काळात त्याला दुसरी लाभदायक नोकरी नव्हती. ते एक वाक्य आलं की ओझं कंपनीवर जातं. संत्र्याच्या हंगामात कळमन्याच्या बाजारात चार महिने हमाली केली असेल तर तेही शपथपत्रात लिहा, रकमेसकट. उलटतपासणीत बाहेर आलेले महिना सहा हजार, स्वतःहून सांगितलेल्या सहा हजारांपेक्षा फार महाग पडतात.